खुर्चीची मगजी

घरांतील जुन्या वस्तूंची डागडुजी करावयास निघालें म्हणजे मोठ्या गोष्टींची अडचण सहसा पडत नाहीं. अडचण पडते ती लहान गोष्टींची. लांकूड मिळतें, कापड मिळतें, कापूस आणि काथ्या मिळतो. कारागीरहि शोधल्यास सांपडतो. परंतु कपाटाची जुन्या घाटाची एखादी कडी, घड्याळाची एखादी किल्ली, किंवा गादीच्या कडेनें फिरणारी, करंगळीहूनहि बारीक अशी एक दोरी मिळविण्यासाठीं मनुष्याला गांवोगांव हिंडावें लागतें. आमच्या घरांतील चार खुर्च्यांनीं आम्हांस असेंच हिंडविलें. त्या हिंडण्यांत जें पदरीं पडलें तें इतर घरांसहि, विशेषतः वाचकभगिनींस, उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहें.

आमचें घर देऊळगांव राजा येथें, बालाजीच्या देवळापासून फारसें दूर नाहीं. मामंजी वकिली करीत. १९५७ सालीं त्यांनीं मुंबईहून सागवानी लांकडाच्या चार खुर्च्या आणविल्या. आदल्याच वर्षीं, १९५६ च्या नोव्हेंबरांत, वऱ्हाड आणि मराठवाडा हे दोन्ही भाग द्वैभाषिक मुंबई राज्यांत आले होते. त्याआधीं कित्येक वर्षें देऊळगांव वऱ्हाडांत आणि जालना निजामाच्या राज्यांत, अशी स्थिति होती. जालन्याची बाजारपेठ हाकेच्या अंतरावर, पण राज्य निराळें. खुर्च्या मनमाडपर्यंत मोठ्या रुळांवरून, तेथून जालन्यापर्यंत लहान रुळांच्या गाडीनें, आणि पुढें बैलगाडींत कडब्यावर निजून घरीं आल्या. सासूबाई या घरांत आल्या १९५९ सालीं. “या खुर्च्या माझ्यापेक्षां दोन वर्षांनीं वडील,” असें त्या अजूनहि हंसून सांगतात. आज त्यांचें वय पंचाऐंशी आहे.

या खुर्च्या त्या वेळच्या ‘नव्या धर्तीच्या’ होत. त्यांवर कोरीव काम नाहीं, सिंहाचे पंजे नाहींत, झालर नाहीं कीं गोंडे नाहींत. मागचे पाय किंचित् कललेले, हात सडपातळ, बसावयास एक गादी व पाठीस एक गादी. हिरव्या रंगाचें जाडसर सुती कापड, आणि प्रत्येक गादीच्या कडेनें किंचित् गडद रंगाची एक बारीक, गोल, फुगीर रेघ. बस्स, एवढाच काय तो साज.

ही धर्ती आपल्याकडे कोठून आली हें थोडें सांगावयास हवें, कारण पुढील सर्व गोष्टीचा उलगडा त्यांत आहे. १९१९ सालीं जर्मनींतील वायमार येथें बाउहाउस नांवाची कलाशाळा निघाली. तेथें शिकलेल्या मार्सेल ब्रॉयर यानें १९२५ च्या सुमारास पोलादी नळी वांकवून खुर्ची केली आणि बैठकीच्या सामानांतून नक्षीचें ओझें उतरविण्याची जी चळवळ चालू होती, तिला मोठें बळ आलें. मराठी मंडळींच्या परिचयाचें उदाहरण इंदूरचें आहे. महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनीं एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुशिल्पकाराकडून १९३० ते १९३३ या काळांत माणिकबाग राजवाडा बांधवून घेतला आणि तो याच धर्तीच्या सामानानें सजविला. लाल कृत्रिम चामड्याच्या व अंगांतच वाचनाचे दिवे बसविलेल्या त्या वाड्यांतील आरामखुर्च्या आज जगप्रसिद्ध आहेत. राजवाड्यांत जें प्रथम आलें तें पुढें वीस-पंचवीस वर्षांनीं, सागवानाच्या साध्या रूपानें, वकील-डॉक्टरांच्या दिवाणखान्यांत आलें.

आतां मुद्दा असा, कीं ज्या खुर्चीवर नक्षी भरपूर आहे तिची एखादी किनार बदलली तरी ती उघडी पडत नाहीं. दहा दागिने घातलेल्या बाईच्या अंगावरील अकरावा दागिना कोणाच्या लक्षांत येतो? परंतु जिचें सर्व अलंकार उतरवून एकच रेघ ठेविली आहे, त्या खुर्चीचा आकार डोळ्यांस दाखविण्याचें काम ती रेघच करीत असते. ती जाड झाली तर खुर्ची बोजड दिसते. ती चकाकली तर खुर्ची सोंग घेतल्यासारखी दिसते. हें ज्ञान मात्र आम्हांस एक खुर्ची गमावल्यानंतर झालें.

झालें असें. कापड जागोजाग विरलें होतें व एका गादींतून काथ्या बाहेर डोकावूं लागला होता. धाकट्या भाऊजींनीं हौसेनें एक खुर्ची जवळच्या एका शहरांतील कारागिराकडे नेली. आठ दिवसांनीं ती परत आली तेव्हां आम्ही तिला ओळखलेंच नाहीं. जुन्या गादीच्या जागीं उंच, ताठ फोम; त्यावर झगझगीत हिरवी मखमल; आणि चारी कडांना बोटाएवढी जाड सोनेरी दोरी! मुलें म्हणालीं, “मंगल कार्यालयांतली नवरानवरीची खुर्ची आली!” भाऊजी ओशाळले. सासूबाईंनीं त्यांचें मन मोडूं नये म्हणून त्या खुर्चीवर अर्धा तास बसून पाहिलें. उठल्या तेव्हां गुडघ्यांच्या मागें दोरीचे लाल वळ उठले होते. त्या एवढेंच म्हणाल्या, “खुर्ची छान झाली रे, पण ही आपली नव्हे.” आणि काथ्या डोकावणाऱ्या जुन्या खुर्चीवर जाऊन बसल्या.

“जुनें कापड आणि जुनी किनार कोठें आहे?” असें मीं विचारलें. “ती त्यानें टाकून दिली, वहिनी,” भाऊजी म्हणाले. कारागिराचा यांत अपराध नव्हता. त्यास कोणीं कांहीं सांगितलें नव्हतें, आणि गिऱ्हाईकाला नवें तें हवें असतें हा त्याचा रोजचा अनुभव. चूक आमचीच होती.

घरांत मग दोन पक्ष पडले. थोरल्या भाऊजींचें म्हणणें, राहिलेल्या तीन खुर्च्या मोडीत काढाव्या व त्या जागीं एक नवा सोफा घ्यावा. आश्विनांत बालाजीच्या उत्सवाला पुण्यामुंबईचीं सर्व मंडळी जमतात, त्यांची सोय होईल. आमच्यासारख्या मोठ्या कुटुंबांत एकाच्या मनाप्रमाणें चालत नाहीं, आणि त्यांचें म्हणणें अव्यवहार्यहि नव्हतें. शेवटीं सासूबाई म्हणाल्या, “दसऱ्यापर्यंत खुर्च्यांना मुदत द्या. तोंवर जमलें तर ठीक, नाहींतर तुम्ही म्हणाल तसें.” सात महिने हातांत होते. ती जबाबदारी माझ्याकडे आली.

मीं प्रथम जालन्याचा बाजार पाहिला. तेथें गादीच्या कडेच्या तयार दोऱ्या पुष्कळ. पण सहा मिलिमीटरच्या आंतील एकहि नाहीं, आणि बहुतेक साऱ्या चकाकणाऱ्या. छत्रपती संभाजीनगर येथें, म्हणजे जुन्या औरंगाबादेस, तोच प्रकार. पुण्यास नणंदबाईंच्या घरीं गेलें असतां रविवार पेठेंतील बोहरी आळी पालथी घातली. लेस, फिती, गोफ, जर, बटनें यांचा तेथें समुद्र आहे. पण आमच्या हिरव्याचा गडद भाऊ कांहीं सांपडेना. मुंबईस भुलेश्वरांत रंग जवळपास जुळला, तर दोरी नायलॉनची. चोरबाजारांतील मटन स्ट्रीटवर आमच्या खुर्च्यांच्या बहिणी शोभतील अशा खुर्च्या पाहिल्या, पण त्यांचींहि कापडें बदललेलीं. चार महिने गेले, आणि पिशवींत निरनिराळ्या बारा हिरव्या दोऱ्यांचे तुकडे जमले. एकहि उपयोगाचा नव्हता.

या सुमारास मामंजींची बहीण, आमच्या आत्याबाई, राहावयास आल्या. वय अठ्ठ्याहत्तर, दृष्टि अजून सुईंत दोरा ओवण्याइतकी. माझे बारा तुकडे त्यांनीं एकेक करून पाहिले व बाजूस सारले. मग उठून जुन्या खुर्चीपाशीं गेल्या, गादी उलटी केली, खालच्या बाजूची शिवण नखानें चाचपली आणि म्हणाल्या, “सूनबाई, तूं ही बाजारांत कशी शोधतेस? ही तर मगजी आहे. दुलईला आम्ही लावीत होतों तीच; फक्त आंत दोरी घातली आहे.”

त्यांनीं वीतभर शिवण उसवली. आंत पांढरी सुती दोरी आणि तिच्याभोंवतीं गुंडाळून शिवलेली गादीच्याच कापडाची पट्टी! आणखी एक आश्चर्य त्या शिवणींत दडलें होतें. शिवणीच्या आंत, जेथें अडुसष्ट वर्षांत उजेड पोंचला नव्हता, तेथें पट्टीचा आणि गादीचा रंग एकच होता, कोंवळ्या कडुनिंबाच्या पानासारखा. बाहेरची रेघ जी गडद दिसत होती, तो रंग नव्हताच. तो तीन पिढ्यांच्या हातांचा, पायांचा आणि डोक्याच्या तेलाचा मळ होता. आम्ही चार महिने बाजारांत जी वस्तु शोधीत होतों ती बाजारांत कधीं विकली गेलीच नव्हती, आणि ज्या रंगांत शोधीत होतों तो रंग त्या खुर्च्यांना कधीं दिलाच नव्हता!

‘मगजी’ हा शब्द आजच्या मुलींना अपरिचित वाटेल. अंगरखा, बंडी, दुलई यांच्या कडेला जी रुंद पट्टी लावीत तिला गोट म्हणत. आणि गोट व मूळ कापड यांच्या सांध्यांत जी दुसऱ्या कापडाची नाजूक रेघ काढीत ती मगजी. आज दुकानदार जिला ‘पायपिंग’ म्हणतात ती हीच, आंत दोरी घेतलेली. तिचें काम केवळ शोभेचें नाहीं. गादीचीं दोन कापडें जेथें मिळतात ती धार सर्वांत आधीं झिजते. मगजी त्या धारेवर पुढें येऊन घर्षण स्वतः सोशीत असते. म्हणजे झिजावयाचें तें मगजीनें, मूळ शिवण शाबूत राहावी. शिवाय आंतल्या दोरीमुळें कड सरळ राहते व गादीचा आकार ढळत नाहीं. तिच्यासाठीं बाजार धुंडाळण्यापूर्वीं ती मुळांत कशी केलेली होती हें पाहावें, हा या प्रकरणांतला पहिला धडा.

ज्यांच्या घरीं अशा खुर्च्या आहेत त्यांच्यासाठीं आम्हीं केलेलें काम क्रमानें सांगतें.

कापड उसविण्यापूर्वीं प्रत्येक कोपऱ्याचें छायाचित्र घ्यावें. मगजीचा सांधा कोठें आहे, तिच्या किती ओळी आहेत, ती खिळ्यांच्या ओळीवरून जाते कीं शिवणींतून निघते, हें कागदावर टिपून ठेवावें. प्रत्येक जातीच्या किनारीचा वीतभर तुकडा पाकिटांत घालून त्यावर तारीख व खुर्चीची खूण लिहावी. मूळ रंग पाहावयाचा तर तो नेहमीं शिवणीच्या आंत किंवा बैठकीच्या खालीं वळविलेल्या कापडांत पाहावा.

दोरीची जाडी मोजण्यास सूक्ष्म उपकरण नको. जुनी दोरी पेन्सिलीभोंवतीं लगटून दहा वेढे घ्यावे, त्या दहा वेढ्यांची रुंदी मोजावी आणि दहानें भागावें. आमचे दहा वेढे चाळीस मिलिमीटर भरले. म्हणजे दोरी चार मिलिमीटर जाड. येथें एक बारीक गोष्ट ध्यानांत असावी. आपल्या देशांत दशमान मापांचा कायदा १९५६ सालीं झाला व मापें हळूहळू बदललीं. त्या सुमारास केलेल्या खुर्च्या इंचांच्या मापाच्या असतात. आमची दोरी मूळची पांचबत्तिसांश इंच असावी. दुकानांत इंचाचें माप सांगून कोणास कळत नाहीं. ‘चार मिलिमीटर, पिळाची, सुती’ असें सांगितल्याबरोबर मात्र जालन्यांतच दोरी मिळाली.

दोरी सुती आहे कीं कृत्रिम, अशी शंका आल्यास चिमट्यांत एक धागा धरून निरांजनाच्या ज्योतीवर धरावा. सूत कागद जळाल्यासारखा वास देतें व मऊ राख सोडतें. कृत्रिम धागा वितळून त्याची टणक गुठळी होते. सुती दोरी आणल्यावर ती प्रथम कढत पाण्यांत भिजवून वाळवावी. हें केलें नाहीं तर पहिल्या धुण्यांत दोरी आटते आणि गादीच्या कडेला चुण्या पडतात.

आतां पट्टी. ती कापडांतून सरळ कापूं नये; उरेबी, म्हणजे कर्णाच्या दिशेनें, कापावी. कापडाचे उभे-आडवे धागे ताणले तरी वाढत नाहींत. पण तिरपी ओढ बसली कीं त्यांनीं केलेले चौकोन कलतात आणि कापड थोडें लांबतें. म्हणून उरेबी पट्टी कोपऱ्यावर सुरकुती न पडतां वळते. पट्टीची रुंदी काढण्यास शाळेंतलें गणित पुरे. दोरीचा घेर म्हणजे जाडीच्या तिपटीहून किंचित् अधिक. चार मिलिमीटरला साडेबारा. त्यांत शिवणीसाठीं दोन्ही बाजूंस बारा बारा मिळवावे. एकूण साडेछत्तीस, आम्हीं अडतीस, म्हणजे दीड इंच, धरले. आमच्या गादीची बाजू सुमारें पन्नास सेंटिमीटर, म्हणजे घेर दोन मीटर. वर व खालीं मिळून चार, आणि पाठीची तितकीच. सांध्यांसह एका खुर्चीस नऊ मीटर, चारींस छत्तीस. त्यास सुमारें दीड चौरस मीटर कापड लागलें. गादीचें कापड घेतांनाच हें अधिक घ्यावें. मागाहून त्याच घाण्याचा रंग मिळत नाहीं.

शिवतांना यंत्राला एकाच बाजूनें दाबणारा पाय लावावा, म्हणजे टीप दोरीला चिकटून पडते. कोपऱ्यावर शिवणीच्या कापडाला अर्ध्या अर्ध्या इंचावर बारीक छेद द्यावे, पण टीपेपर्यंत कात्री नेऊं नये. दोन पट्ट्यांचा जोड तिरपा घ्यावा, म्हणजे जाडी एके ठिकाणीं सांचत नाहीं. दोरीचीं टोकें एकावर एक चढवूं नयेत, समोरासमोर टेकवावीं. आणि हा सांधा नेहमीं मागच्या बाजूस, मध्यभागीं ठेवावा.

हें झालें सुती खुर्च्यांचें. मामंजींच्या कचेरींत रेक्झीनची एक फिरती खुर्चीहि आहे. रेक्झीन हें मूळचें इंग्लंडांतील मँचेस्टरजवळ होणाऱ्या एका लेप दिलेल्या कापडाचें व्यापारी नांव. आपल्याकडे तें सर्वच कृत्रिम चामड्याला पडलें. या खुर्चीची मगजी कडक होऊन तडकली होती, कारण असल्या प्लॅस्टिकच्या लेपांत मऊपणासाठीं घातलेलें द्रव्य कालांतरानें निघून जातें. तिच्यासाठीं मात्र बाजार उपयोगी पडला, पण सामानाचा नव्हे. जालन्यांत रिक्षांचीं हुडें शिवणाऱ्या एका कारागिराकडे रेक्झीनची बारीक पायपिंग अनेक रंगांत मिळाली. मोटारींच्या बैठका शिवणारे, प्रवासी पिशव्या शिवणारे यांच्याकडेहि ती असते. लोखंडी खुर्च्यांच्या फळीला खांचेंत ठोकलेली जी प्लॅस्टिकची पट्टी असते, तीहि अशाच ठिकाणीं किंवा लाकडी पत्र्यांच्या दुकानीं शोधावी. तिचें वरचें तोंड मोजून भागत नाहीं. खांचेची रुंदी व खोली मोजून न्यावी. बसवितांना पट्टी कढत पाण्यांत धरून मऊ केल्यास वळणावर तडकत नाहीं. अमेरिकेंत चार्ल्स व रे ईम्स या दांपत्याच्या, १९५० पासून होऊं लागलेल्या प्रसिद्ध फायबरग्लास खुर्च्यांत ज्यांना कापडाचें अस्तर आहे, त्यांच्याहि कांठाच्या व्हिनाइलच्या पट्टीसाठीं लोक असेच हिंडतात. तेव्हां हें दुःख केवळ आपल्या गांवचें नाहीं.

आणि ज्यांच्याकडे याहून जुन्या, खिळ्यांच्या ओळीवर विणलेली फीत लावलेल्या खुर्च्या असतील, त्यांनीं पटवेकऱ्याची आठवण ठेवावी. दागिने ओवणें, गोफ विणणें, करगोटे व गोंडे करणें हा त्यांचा पिढीजात धंदा. हात गोफाला सरावलेला असेल त्यास नमुन्याबरहुकूम फीत विणणें कठीण नाहीं. नमुन्याचा तुकडा मात्र हवा.

हें सारें एवढ्या बारकाईनें करावयाचें कशासाठीं, असें थोरल्या भाऊजींनीं विचारलें होतें, कोणीहि विचारील. माणिकबागेंतील सामान १९८० सालीं मोनाको येथें लिलांवांत विकलें गेलें, आणि त्याच वस्तु २०१९ सालीं पॅरिसच्या प्रदर्शनांत पाहण्यासाठीं लोक तिकीट काढून गेले. चंदीगडची हकीकत तर अधिक बोलकी आहे. पिएर जानरे यांच्या देखरेखीखालीं १९५० नंतर तेथील कचेऱ्यांसाठीं सागवान व वेत यांच्या साध्या खुर्च्या केल्या. पुढें त्या मोडकळीस आल्या म्हणून कवडीमोलानें निघाल्या, आणि परदेशच्या लिलांवांत लाखोंच्या झाल्या. अखेर २०११ सालीं केंद्र सरकारला त्या विकण्यास व परदेशीं धाडण्यास बंदी करावी लागली. आपल्या घरच्या खुर्च्यांना असें मोल येईल असें मी म्हणत नाहीं, येणारहि नाहीं. सांगावयाचें तें इतकेंच, कीं वस्तु मोडीत काढतांना ती काय आहे हें काढणाऱ्यास बहुधा ठाऊक नसतें.

आमचें काम श्रावणांत सुरू झालें. हातमागाचें जाड सुती कापड घेतलें. त्याचा हिरवा जुन्या हिरव्याहून किंचित् पिवळसर आहे, पण तो सुती आहे आणि चकाकत नाहीं. जुना काथ्या व कापूस पिंजून पुन्हां भरला, नव्या निवारीच्या पट्ट्या ताणल्या. छत्तीस मीटर मगजी आत्याबाई, मी आणि दोन्ही जावांनीं मिळून चार दुपारांत केली. कापणें माझ्याकडे, जोड जावांकडे, आणि यंत्रावर आत्याबाई. माझी पुतणी वैद्यकीचा अभ्यास करते. सुटींत आली होती, ती दोरी धरून बसली. पहिल्या कोपऱ्यावर तिच्या हातून चुण्या पडल्या. आत्याबाईंनीं न बोलतां टीप उसवून पट्टी परत तिच्याच हातांत दिली. तिसऱ्या खुर्चीचा शेवटचा कोपरा तिनें एकटीनें वळविला.

गादीच्या खालचें तरट ठोकण्यापूर्वीं प्रत्येक खुर्चीच्या पोटांत आम्हीं एक पाकीट ठेविलें आहे. त्यांत जुन्या कापडाचा व मगजीचा तुकडा, नव्याचा तुकडा, दोरीचें माप आणि तारीख आहे. पुढच्या वेळीं जो कोणी ती खुर्ची उघडील त्यास बारा तुकडे पिशवींत घेऊन हिंडावें लागूं नये. याच हेतूनें आम्हीं किनार कोठेंहि डिंक-सोल्युशननें चिकटविली नाहीं. शिवली व चुकांनीं ठोकली. शिवलेलें उसवतां येतें. चिकटविलेलें फाडावें लागतें.

सोनेरी दोरीची खुर्ची आम्हीं पुन्हां उघडली. तिची गादी राहिलेल्या तिघींच्या मापानें नव्यानें भरली, मगजीहि लावली. पण तिची बैठक मूळची किती कललेली होती, काथ्याचे थर कसे होते, हें सांगणारें तिच्यांत कांहीं उरलें नव्हतें. दुरून चारी सारख्या दिसतात. बसल्यावर मात्र कळतें. तिच्या पाकिटांत जुना तुकडा नाहीं. दुसऱ्या खुर्चीचा अर्धा तुकडा कापून तिला दिला आहे आणि तसें लिहून ठेविलें आहे.

उत्सवाला सर्व मंडळी जमली तेव्हां चारी खुर्च्या दिवाणखान्यांत होत्या. सोफ्याचा विषय कोणीं काढला नाहीं. थोरले भाऊजी एका खुर्चीवर बसून वर्तमानपत्र वाचीत होते. वाचतां वाचतां त्यांचा अंगठा गादीच्या कडेवरून सारखा फिरत होता. सासूबाई दारांतून तें पाहत होत्या. मला हळूच म्हणाल्या, “हेहि अगदीं असेंच करीत. बघ, दहा वर्षांत पुन्हां गडद होईल ती.”